सहकुटुंब, सहपरिवार, महागड्या हॉटेलात

प्रवासात निदान एक रात्र तरी सगळ्यांनी खिशाला चटका लावणाऱ्या हॉटेलात जेवायचं, अशी आमच्या घरची रीत आहे. सासू-सासरे, दीर-जाऊ, आम्ही दोघं आणि मुलं अशी पलटण असते. हॉटेल शोधायचं खातं माझ्याकडे. या खात्याला शाबासकी नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी ‘तूच निवडलंस ना?’ हे मात्र ठरलेलं. तरीही हे खातं मी कुणाला देणार नाही, कारण ते सांभाळता सांभाळता काही गोष्टी पक्क्या कळल्या आहेत.

१. हॉटेल निवडायचं ते घरातल्या सगळ्यांत अवघड माणसाला धरून. बाकीचे चालवून घेतात. आमच्याकडे हा मान सासूबाईंचा. चातुर्मासात कांदा-लसूण बंद आणि साडेसातला पान वाढलेलं हवं. अहमदाबादेत म्हणूनच मला काही डोकं लावावं लागलं नाही. सीदी सय्यद मशिदीसमोर मंगलदास गिरधरदास या गिरणीमालकांची १९२४ सालची हवेली आहे, तिचं आता हॉटेल झालंय. तिच्या गच्चीवर ‘अगाशिये’मध्ये गुजराती थाळी मिळते. थाळीचा मोठा गुण असा की आठ जणांनी आठ मेनूकार्डं उघडून अर्धा तास घालवायचा प्रश्नच येत नाही. माणशी भाव आधी कळतो, त्यामुळे बिलाच्या वेळी सासऱ्यांची भुवई जागची हलत नाही.

२. मोठं नाव म्हणजे ताठ बसणं, असं काही नसतं. दिल्लीतल्या आयटीसी मौर्यमधल्या ‘बुखारा’चं नाव काढल्यावर सासूबाई आधी नकोच म्हणत होत्या. काट्या-चमच्यांची धास्ती, दुसरं काय. तिथे गेल्यावर गळ्यात एप्रन बांधला गेला आणि टेबलावर चमचा काही दिसेना.

“अगं, चमचे द्यायला विसरले वाटतं हे लोक.”

“आई, इथे हातानंच जेवतात. पद्धतच आहे इथली.”

मग काय! शेजारच्या टेबलावरचे परदेशी पाहुणे नानशी झटापट करत होते आणि सासूबाई त्यांच्याकडे अनुकंपेनं पाहत एका हातानं तुकडा मोडत होत्या. रात्रभर मंद आचेवर शिजणारी तिथली काळ्या उडदाची दाल बुखारा मुलांनीही बिनतक्रार खाल्ली. फक्त बसायला बुटकी स्टुलं आहेत. कंबरदुखी असेल तर आधी विचार करा.

३. देखाव्याचे पैसे मोजणार असाल तर दिशा बघा. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. उदयपूरला पिछोला तलावाकाठी जेवायचं असतं ते पाण्यासाठी आणि राजवाड्यासाठी. सिटी पॅलेस तलावाच्या पूर्वेच्या काठावर. त्या बाजूला बसलात तर समोर सूर्यास्त दिसतो, पण राजवाडा तुमच्या पाठीशी राहतो. पश्चिमेच्या काठावर, हनुमान घाटाकडे, आमेट हवेलीत ‘अंबराई’ आहे. तिथे सूर्य पाठीमागे मावळतो आणि त्याचं शेवटचं ऊन समोरच्या राजवाड्यावर पडतं. नंतर दिवे लागतात ते पाण्यात उतरतात. माझं मत विचाराल तर पश्चिमेचा काठ. पण नुसतं टेबल बुक करून भागत नाही, पाण्याकडेचं टेबल हवं असं स्पष्ट सांगावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहाच्या आसपासच बुडतो. आठला पोचलात तर उन्हाचा खेळ संपलेला असतो आणि पाण्यावरून येणारा गार वारा वाट बघत असतो. शाली न्या. आमच्या जाऊबाई फोटोसाठी शाल नको म्हणाल्या आणि सूप येईपर्यंत माझी पांघरून बसल्या.

४. गोव्यात मासा वजनावर असतो. वेटर ट्रेमध्ये अख्खा चणक किंवा तांबोसा घेऊन येतो, त्याचे डोळे-कल्ले दाखवतो, मुलं हरखतात आणि कुणीतरी ‘हा द्या’ म्हणून मोकळं होतं. मेनूकार्डावर त्याच्यापुढे आकडा नसतो, नुसतं ‘साइझप्रमाणे’. एका हॉटेलात दीरांनी असाच हात दाखवला आणि बाकी सगळ्या जेवणाइतकं बिल त्या एका माशाचं झालं. काटा बघा, किलोचा भाव विचारा, गुणाकार करा, मगच मान हलवा. यात कसला आलाय कमीपणा? आणखी एक. १ जून ते ३१ जुलै किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ‘आजचा ताजा’ म्हणून मोठा समुद्री मासा पुढे आला तर तो कुठून आला हे विचारायचा हक्क आहे तुम्हाला.

५. बिलाचं गणित आधीच करा. ज्या हॉटेलात खोलीचं दिवसाचं भाडं साडेसात हजारांच्या वर असतं, तिथल्या जेवणावर जीएसटी १८ टक्के. बाहेरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटात ५. दहा हजारांच्या जेवणात हा फरक तेराशे रुपयांचा. सर्व्हिस चार्ज हा कर नव्हे. तो सक्तीनं लावता येत नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. सेवा आवडली तर मी टिप हातात देते. बिलात आपोआप आलेला चार्ज काढायला सांगते. आमचे हे अशा वेळी छताकडे बघतात. बघू देत.

६. “स्टिल की स्पार्कलिंग?” या प्रश्नाचं उत्तर “साधं पाणी” असंही असतं.

७. गाण्याचा कार्यक्रम असेल तर स्पीकरपासून लांब बसा. सासऱ्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे दणदणाटात ते गप्प होतात. आणि सगळ्यांनी एकत्र जेवायला जायचं ते निम्मं त्यांच्या गोष्टींसाठीच.

८. परवडत नसेल तर दुपारी जा. पुष्कळ मोठ्या हॉटेलांत दुपारचं ठरावीक जेवण रात्रीपेक्षा स्वस्त पडतं, स्वयंपाकघर तेच असतं आणि टेबलही सहज मिळतं. म्हाताऱ्यांना जागरण नाही, मुलं पेंगत नाहीत. रात्री मग खोलीवर दहीभात.

९. फोटो आणि तारे बघून झाले की सरळ फोन करा. चारच्या सुमाराला, म्हणजे दुपारची गर्दी ओसरलेली असते. चार गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, रात्रीचं जेवण किती वाजता सुरू होतं, कांदा-लसूण नसलेलं काय मिळेल, आणि आठ जणांचं एकच टेबल मिळेल की दोन तुकडे करणार? ‘या मॅडम, सगळं होऊन जाईल’ एवढंच उत्तर आलं तर दुसरं हॉटेल बघा. ‘लिफ्ट नाही, पण खालच्या मजल्यावर जागा देतो, मात्र साडेसातला या, नंतर जमणार नाही’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच टेबल बुक करा.