क्षीण प्रकाश आणि वेग

प्रकाशीय अभिग्राहीपर्यंत पोहोचणारा संदेश पुष्कळदा अत्यंत क्षीण असतो. त्यामुळे फोटोडायोडमधून केवळ १ मायक्रोअँपिअर प्रवाह वाहतो, असे मानू. हा प्रवाह १० लाख ओहमच्या रोधकातून नेला, की १ व्होल्ट दाब मिळतो. संदेश मोठा झाला खरा. पण वेग गेला. डायोड व जोडतारा यांची मिळून १० पिकोफॅरड धारकता असेल, तर ती या रोधकातून भरण्यास व रिती होण्यास वेळ लागतो. परिणामी सेकंदाला सुमारे १६,००० कंपनांपलीकडील संदेश पुसट होऊ लागतो. हीच मंडलाची पट्टारुंदी होय.

मग रोध शंभरपटीने कमी का करू नये? तसे केल्यास संदेश शंभरपट घटेल. तेवढ्याच पट्ट्यातील रोधकाचा औष्णिक गोंगाट मात्र दहापटच घटेल आणि गोंगाटाच्या तुलनेत संदेश दुबळा होईल.

यावर उपाय असा, की तोच रोधक विवर्धकाच्या निर्गम टोकापासून त्याच्या उलट्या प्रवेश टोकापर्यंत जोडावयाचा. विवर्धक आता डायोडवरील दाब जवळजवळ स्थिर राखतो, त्यामुळे धारकतेचा अडसर पुष्कळसा दूर होतो. विवर्धकाची लाभ-पट्टारुंदी १० मेगाहर्ट्‌झ असल्यास मंडलाची मर्यादा सुमारे ४ लाख हर्ट्‌झपर्यंत, म्हणजे पंचवीसपट वाढते. मात्र रोधकाला समांतर सुमारे ०.४ पिकोफॅरडचे धारित्र जोडावे लागते. अन्यथा मंडल स्वतःच आंदोलित होण्याचा धोका असतो.

डायोडला उलटा दाब दिला, की त्याची धारकता घटते. एकूण धारकता चतुर्थांश झाली आणि समांतर धारित्र त्यानुसार निम्मे केले, तर पट्टारुंदी दुप्पट होते. रोधाला हात न लावता वेग मिळतो, तो असा.