गिरिस्थानांची चढण : सेस्त्रिएरे आणि माथेरान

डोंगरावर मौजेसाठी जाणाऱ्या माणसाला वर कोण नेते, या प्रश्नावर प्रत्येक गिरिस्थानाचा व्यवहार उभा असतो. प्रस्तुत लेखात उत्तर इटलीतील सेस्त्रिएरे हे हिमक्रीडेचे गाव आणि आपल्या तळोज्याच्या पूर्वेस असलेले माथेरान यांचा या दृष्टीने विचार केला आहे.

‘स्की’ म्हणजे पायांना बांधायच्या लांब, अरुंद पट्ट्या. नॉर्वे-स्वीडनमध्ये त्या फार पूर्वीपासून हिवाळ्यातील प्रवासाचे साधन होत्या. इटलीत त्या १८९६ मध्ये तुरीन येथे राहणारे स्विस अभियंते आदोल्फो किंद यांनी आणल्या. १९०१ मध्ये तेथे स्की क्लब निघाला. त्या काळी पट्ट्यांच्या तळाला सीलचे कातडे बांधून डोंगर पायी चढावा लागे. कातड्यावरील केसांमुळे पाय मागे घसरत नसे. तासन्‌तास चढायचे आणि थोड्या वेळात उतरायचे, असा तो खेळ होता. हौस ज्याची, घामही त्याचाच.

पुढे फियाट मोटार कंपनीचे एक संस्थापक जोव्हान्नी आन्येल्ली यांनी १९३० च्या दशकात, सुमारे २,०३५ मीटर उंचीच्या खिंडीत सेस्त्रिएरे वसविले. गोल मनोऱ्यांची हॉटेले उभी राहिली, तारेवरचे पाळणे सुरू झाले. ७० किलो वजनाच्या माणसाला ५०० मीटर वर न्यायला सुमारे ३ लाख ४३ हजार ज्यूल ऊर्जा लागते. घसरण्याचा वेग येतो तो याच ऊर्जेतून. म्हणजे उतरण्याचा आनंद चढणीतच साठविलेला असतो. फक्त ती चढण आता यंत्र करते. २००६ च्या तुरीन हिवाळी ऑलिंपिकमधील उतारावरच्या स्की-शर्यतींचे सेस्त्रिएरे हे प्रमुख केंद्र होते. भारताच्या नेहा आहुजा यांनी त्या स्पर्धांत भाग घेतला होता.

यंत्राचेही मोल द्यावे लागतेच. हिवाळे उबदार होत चालल्याने आल्प्समध्ये नैसर्गिक बर्फाचा भरवसा कमी झाला आहे. उतारांवर कृत्रिम बर्फ फवारायचा, तर पाणी आणि वीज दोन्ही खर्ची पडतात.

आता माथेरान पाहू. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये ही जागा हेरली. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने नेरळहून छोटी रेल्वे वर आली. गावात मोटारींना बंदी राहिली आणि २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. त्यामुळे झाडी टिकली, हे निर्विवाद. परंतु मोटार थांबली तेथून पुढे पाहुण्याचा भार घोड्याच्या पाठीवर आणि हातरिक्षा ओढणाऱ्या माणसाच्या खांद्यावर आला. निसर्ग राखणाऱ्या नियमाचे ओझे गावातील सर्वांत गरीब माणसाने वाहिले.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. या आदेशाचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. ई-रिक्षा आली, पण तिचे चाक ओढणाऱ्याच्या हाती आले नाही, तर त्याचे कष्ट संपतील आणि भाकरीही संपेल.

म्हणून गिरिस्थानाची प्रगती केवळ हॉटेलांच्या संख्येवर वा झाडांच्या संख्येवर मोजू नये. तेथील चढण कोण चढतो आणि त्याच्या पदरात काय पडते, हा हिशेबही अभ्यासकाने मांडला पाहिजे.