मधुमेहींच्या पायाची जखम आणि उच्चदाब प्राणवायू उपचार

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात स्थलांतर करतात. दिवाळीच्या सुमारास गेलेली ही कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. फडात पायाला बुडखा टोचणे, कोयता लागणे, पाचटाने कापणे हे नित्याचेच. निरोगी माणसाची अशी जखम आठ-पंधरा दिवसांत भरून येते. मधुमेही व्यक्तीची तीच जखम महिनोन्महिने चिघळत राहते आणि प्रसंगी पाय कापण्याची वेळ येते. नवरा-बायको मिळून जेथे एक 'कोयता' होतो, तेथे एकाचा पाय जाणे म्हणजे दोघांची मजुरी जाणे होय.

मधुमेह हा केवळ शहरी, सुखवस्तू लोकांचा रोग आहे ही समजूत आता टिकणारी नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही आहेत. या रुग्णांच्या पायांच्या जखमांसाठी मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत उच्चदाब प्राणवायूचा, म्हणजेच हायपरबॅरिक ऑक्सिजनचा उपचार दिला जातो. त्याचे स्वरूप व मर्यादा समजून घेणे ग्रामीण कार्यकर्त्यांना उपयुक्त ठरेल.

जखम का भरत नाही?

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की दोन प्रकारे हानी होते. पहिली मज्जातंतूंची. पाय बधिर होतात. काटा रुतला, चपलेत खडा गेला किंवा तापलेल्या जमिनीने तळवा भाजला तरी कळत नाही. दुसरी हानी रक्तवाहिन्यांची. रक्तवाहिनीच्या आतील नाजूक अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचे द्रव्य स्रवते व त्यामुळे वाहिनी आवश्यकतेनुसार रुंदावते. मधुमेहात ही क्षमता क्षीण होते. गुडघ्याखालील रोहिण्यांत चरबीचे व चुन्याचे थर साचून मार्ग अरुंद होतो आणि केशवाहिन्यांच्या भिंती जाड होतात.

परिणामी जखमेपर्यंत पुरेसा प्राणवायू पोहोचत नाही. रोगजंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना प्राणवायू हवा असतो. नवी त्वचा व नव्या वाहिन्या घडविणाऱ्या पेशींनाही तो हवा असतो. पुरवठा तुटलेल्या शेतातील पिकासारखी त्या भागाची स्थिती होते.

दाबाखालील प्राणवायू

रक्तातील बहुतेक सर्व प्राणवायू तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन वाहून नेते. रक्तद्रवात विरघळलेला प्राणवायू अत्यल्प, म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तामागे सुमारे ०.३ मिलिलिटर असतो. मात्र वायूवरील दाब वाढविला की तो द्रवात त्याच प्रमाणात अधिक विरघळतो. हा नियम विल्यम हेन्री या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०३ साली मांडला. सोडावॉटरच्या बाटलीत वायू कोंडलेला असतो तो याच नियमाने.

या उपचारात रुग्णाला बंद कक्षात ठेवून वातावरणाच्या दुप्पट ते अडीचपट दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिला जातो. तिप्पट दाबाला विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण सुमारे ६ मिलिलिटरपर्यंत जाते. हॉलंडमधील शल्यविशारद बुरेमा यांनी १९६० च्या सुमारास डुकरांवर प्रयोग करून दाखवून दिले, की तांबड्या पेशी जवळजवळ काढून टाकल्या तरी अशा कक्षात प्राणी काही काळ जगू शकतो. एरवी हे कक्ष पाण्याखाली काम करणाऱ्या पाणबुड्यांच्या विकारांसाठी वापरले जात.

एक बैठक साधारण दीड ते दोन तासांची असते. आठवड्यातून पाच दिवस, अशा तीस ते चाळीस बैठका द्याव्या लागतात.

रक्तवाहिन्यांवरील परिणाम

प्राणवायूच्या आधिक्याने वाहिन्या काहीशा आकुंचन पावतात व सूज उतरते. तरीही ऊतींना मिळणारा प्राणवायू वाढलेलाच राहतो. नव्या केशवाहिन्यांच्या वाढीला चालना देणारी द्रव्ये अधिक प्रमाणात निर्माण होतात. अस्थिमज्जेतून वाहिन्यांच्या अस्तराची दुरुस्ती करणाऱ्या पेशी रक्तात उतरतात, असेही आढळले आहे. मात्र मुख्य रोहिणीच बंद असेल तर ती या उपचाराने उघडत नाही. पाटात पाणीच येत नसेल तर वाफे नीट करून काय उपयोग? अशा वेळी फुग्याच्या साहाय्याने रोहिणी रुंद करणे किंवा शस्त्रक्रियेने पर्यायी मार्ग काढणे, हाच मूळ इलाज होय.

प्रयोग काय सांगतात?

स्वीडनमध्ये ९४ रुग्णांवर झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला दाबाखाली प्राणवायू व दुसऱ्याला दाबाखालील साधी हवा देण्यात आली. वर्षअखेर पहिल्या गटातील ५२ टक्के, तर दुसऱ्यातील २९ टक्के रुग्णांची जखम पूर्ण भरली. याउलट २०१६ साली कॅनडातील अभ्यासात लाभ दिसला नाही. नेदरलँड्समध्ये १२० रुग्णांवर झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही पाय वाचण्याच्या प्रमाणात निर्णायक फरक आढळला नाही; तेथे अनेक रुग्णांना सर्व बैठका पूर्ण करता आल्या नव्हत्या, हेही लक्षात घ्यावे. मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२३ साली सल्ला दिला तो असा: रक्तपुरवठा कमी असलेली जखम नेहमीच्या उत्तम उपचाराने भरत नसेल व साधने उपलब्ध असतील, तर पूरक म्हणून या उपचाराचा विचार करावा.

'पूरक' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. उपचारात कानाला दडा बसणे, दृष्टीत तात्पुरता फरक पडणे, साखर एकाएकी उतरणे असे त्रास संभवतात. क्वचित झटकेही येतात. फुप्फुसाबाहेर हवा साचली असल्यास हा उपचार वर्ज्य आहे. शुद्ध प्राणवायूत आगीचा धोका मोठा असतो; १९९७ साली इटलीतील मिलान येथे अशा कक्षाला आग लागून ११ जण मृत्युमुखी पडले.

गावपातळीवरील कर्तव्य

दीड-दोन महिने शहरात राहून बैठका पूर्ण करणे हे उचल घेतलेल्या मजुराला सहजसाध्य नाही. त्यासाठी जमीन गहाण टाकण्यापूर्वी पायाचा रक्तपुरवठा तपासला आहे काय, हा प्रश्न कुटुंबाने डॉक्टरांना अवश्य विचारावा. घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबाची तुलना करून ही तपासणी होते; मधुमेहात वाहिन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून अंगठ्याचा दाबही पाहतात. ग्रामीण भागासाठी १९७० च्या दशकात अंबाजोगाई येथे स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती संलग्न रुग्णालयांतील आरोग्यमित्रांकडून मिळते.

खरे संरक्षण मात्र घरीच आहे. रोज रात्री तळवे व बोटांमधील जागा पाहावी. वाकता येत नसेल तर आरसा वापरावा किंवा मुलांकडून पाहून घ्यावे. अनवाणी चालू नये. देवदर्शनाच्या पायवाटेवरही नाही. भोवरी ब्लेडने कापू नये, पाय शेकू नयेत, जखमेवर चुना किंवा तंबाखू लावू नये. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी महाराष्ट्रात दीर्घकाळ वापरात असलेली मऊ, सच्छिद्र रबराची चप्पल येथेही उपयोगी पडते.

शिक्षकांनी मुलांना आजी-आजोबांचे पाय पाहण्याची सवय लावावी. पंचायत सदस्यांनी, तोडणीच्या टोळ्या गाव सोडण्यापूर्वी उपकेंद्रात तीस वर्षांवरील सर्वांची साखर व पाय तपासले जातील आणि मधुमेहींना पुरेशी औषधे व नोंदीचे कागद सोबत मिळतील, हे पाहावे. काळी पडलेली, दुर्गंधी येणारी किंवा ताप आणणारी जखम त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचली पाहिजे. वेळीच पाहिलेल्या पायाला सहसा कक्षाची गरज लागत नाही. आणि ज्याला ती लागते, त्याचाही पाय वाचण्याची आशा वेळेवरच अवलंबून असते.