रिकामा दिसणारा चौक

छायाचित्र हे इतिहासाचे साधन खरे. परंतु साक्षीदाराप्रमाणे त्याचीही उलटतपासणी करावी लागते. केवळ परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नये, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तोच निकष येथे लावू.

बटाव्हिया म्हणजे आजचे जकार्ता. तेथील डच नगरभवन १७१० मध्ये पूर्ण झाले. १८५७ मध्ये वुडबरी आणि पेज या इंग्रजांनी त्या शहरात छायाचित्रालय थाटले. त्या काळच्या छायाचित्रांत अशा इमारतींच्या भिंती, उंच खिडक्या, लाकडी झडपा रेखीव दिसतात. समोरचा चौक मात्र पुष्कळदा ओसाड भासतो. तो खरोखर ओसाड होता काय? ओल्या कलोडियनच्या काचेवर प्रतिमा उमटण्यास काही सेकंद लागत. भिंत स्थिर, म्हणून ती उमटे. चालता हमाल पुसला जाई, फार तर धुरकट डाग उरे. जो माणूस स्पष्ट दिसतो, तो बहुधा इमारतीची उंची कळावी म्हणून उभा केलेला असतो. (माणसाची मापपट्टी करणे आपल्याला नवे नाही.)

याच भवनात न्यायालय होते, तळाशी कोठड्या होत्या आणि समोरच्या चौकात देहदंड दिले जात. डच ईस्ट इंडीजमधील गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६० मध्ये. सतराव्या शतकात या शहरात आणलेल्या गुलामांपैकी कित्येक कोरोमंडल व बंगालच्या किनाऱ्यावरून नेलेले होते.

चित्राखाली इमारतीचे नाव असते, क्वचित वर्ष. विद्यार्थ्यांनी प्रथम तो धुरकट डाग शोधावा आणि त्याची जागा वहीत नोंदवावी.