कागदावर विसंबू नका

मालवणात अलीकडे विमानांचं वेड वाढलंय. ९ ऑक्टोबर २०२१ला चिपीचा विमानतळ सुरू झाला. मग ४ डिसेंबर २०२३ला नौदल दिनाच्या निमित्तानं तारकर्लीच्या किनाऱ्यावरून नौदलाची विमानं घोंघावत गेली. तेव्हापासून सुट्टी लागली की ‘काका, विमान करूया’ म्हणत येणाऱ्या पोरांची माझ्याकडे रीघ असते. मी काही मोठा जाणकार नव्हे, पण बाल्सा लाकडाची ग्लायडरं बरीच वर्षं करतोय. त्यातला एक अनुभव सांगतो, कारण त्यात दगा दिला तसा आराखडा कुणाच्याही घरी असू शकतो.

जुलैची गोष्ट. दोन मुलांनी एका ग्लायडरचं काम वाटून घेतलं. डाव्या पंखाच्या बरगड्या एकानं करायच्या, उजव्या पंखाच्या दुसऱ्यानं. बरगडी म्हणजे पंखाला फुगीर आकार देणारी आडवी पातळ फळी, सगळे तिला रिब म्हणतात. दोघांकडे एकाच आराखड्याच्या झेरॉक्स होत्या. एकानं कागद पाण्यातल्या पांढऱ्या गोंदानं बाल्सावर डकवला, दुसऱ्यानं कोरड्या गोंदाची कांडी वापरली. दोघांचे हात चांगले होते. ब्लेड रेषेवरून तसूभरही ढळलं नव्हतं. तरी डाव्या बरगड्या जवळजवळ दीड मिलिमीटरनं लांब निघाल्या. ओला कागद ताणला जातो, आणि तोही एकाच दिशेनं जास्त, म्हणून नुसतं बघून ते लक्षात येत नाही.

बरगड्या शेजारी शेजारी धरून पाहायचं कुणाच्या मनात आलं नाही. डावा पंख आराखड्यावर मांडला तेव्हा मागची कड रेषेच्या बाहेर जात होती. पोरानं ती टाचण्यांनी दाबून रेषेत बसवली आणि गोंद लावला. टाचण्या काढल्यावर पंखात पीळ राहिला तो राहिलाच. बोर्डिंग ग्राउंडवर सोडलं की विमान दर वेळी एकाच बाजूला कलायचं, गिरकी घ्यायचं आणि नाकावर आपटायचं. शेपटी वाकवून पाहिली, नाकात वजन घालून पाहिलं. पीळ पंखातच होता, तो शेपटीनं थोडाच जाणार!

आमच्या वाडीतले मेस्त हे सगळं बाजूला उभे राहून बघत होते. होड्यांची कामं केलेला माणूस. ते एवढंच म्हणाले, “कागदार कशाक इसवास ठेवतास? कागद आज एक सांगतलो, फाल्यां दुसरा. फर्मो कर.” मला सांगायचंय ते सगळं या तीन वाक्यांत आलं. तरी फर्मा, म्हणजे कापायचा साचा, करायचा कसा, ते सांगतो.

सुरुवात कागदापासूनच. छापील किंवा झेरॉक्स आराखडा आला की त्यावरच्या मापपट्टीशी स्टीलची पट्टी ताडून पाहा, आणि तीही आडवी-उभी दोन्हीकडे. झेरॉक्सचं यंत्र एका दिशेनं थोडं ताणू शकतं. संगणकावरून छापताना ‘फिट टू पेज’ निवडलेलं असेल तर सगळंच लहान होतं. ‘अॅक्चुअल साइज’ निवडा. आता एक गोष्ट इथे फार लोक चुकीची धरतात. सगळा आराखडा सारखाच दोन टक्के लहान झाला तर बिघडत काही नाही, विमान दोन टक्के लहान होईल आणि मजेत उडेल. घात होतो तो एक भाग एका कागदावरून आणि दुसरा भाग दुसऱ्या कागदावरून कापल्यानं. म्हणून एका विमानाचे सगळे भाग एकाच दिवशी, एकाच यंत्रावर काढलेल्या प्रतीवरून घ्या. शेजारच्या तालुक्यातल्या मित्रानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेला शेपटीचा फोटो त्यात मिसळू नका.

कागद लाकडावर डकवूच नये, असं माझं मत. टाचणीनं आराखड्यावरून आरपार टोचे मारा आणि लाकडावरचे टोचे टोकदार पेन्सिलनं जोडा. बाक असेल तिथे टोचे जवळ जवळ, सरळ रेषेला दोन टोकांचे दोन पुरे. दुसरी रीत इस्त्रीची: लेसर प्रिंट किंवा झेरॉक्स उलटी ठेवून गरम इस्त्री फिरवली की शाई लाकडावर उतरते. इंकजेटची शाई अशी उतरत नाही. ठसा आरशातल्यासारखा उलटा येतो, तेव्हा डावं-उजवं आधी ठरवा.

आणि हे एकदाच करायचं, फर्म्यासाठी. दीड मिलिमीटरच्या प्लायवूडचे दोन सारखे फर्मे कापा, कानशीनं आणि पॉलिश पेपरनं घासून एकावर एक ठेवून जुळवा. त्या दोघांच्या मध्ये बाल्साचे चौकोनी तुकडे ठेवून दोन बारीक बोल्ट आरपार घाला, आणि ठोकळ्याला चिकटवलेल्या पॉलिश पेपरनं सगळा गठ्ठा फर्म्याच्या कडेला भिडेपर्यंत घासा. सगळ्या बरगड्या एका वेळी निघतात. त्या बरोबर असतील किंवा चूक असतील, पण सारख्या असतील, आणि पंखाला गरज सारखेपणाची असते. डाव्या-उजव्या दोन्ही पंखांचा गठ्ठा एकच करा. सुटं करायच्या आधी गठ्ठ्याच्या पाठीवर पेन्सिलनं एक तिरकी रेघ ओढून ठेवा, म्हणजे नंतर क्रम चुकत नाही. पंख टोकाकडे निमुळता असेल तर एक फर्मा मुळाचा, दुसरा टोकाचा.

स्पारची, म्हणजे पंखाच्या लांबीभर बरगड्यांतून जाणाऱ्या पट्टीची, खाच आराखड्यावरून कधीच घेऊ नका. जुने इंग्रजी आराखडे इंचांत असतात. एक अष्टमांश इंच म्हणजे ३.२ मिलिमीटर, आपल्याकडे येते ती पट्टी ३ मिलिमीटर म्हणून विकलेली, आणि तीही मोजली तर नेमकी तेवढी भरेलच असं नाही. हातात असलेली पट्टी गठ्ठ्यावर ठेवा, तिच्या दोन्ही कडांना रेघ मारा, रेघांच्या आतून कापा आणि पट्टी दाब न देता पण न डुगडुगता बसेपर्यंत घासा. सैल खाचेत गोंद भरला की वजन वाढतं, घट्ट खाचेत पट्टी ठोकली की बरगडी फुटते.

सुटा भाग ब्लेडनं कापायचा असेल तर लाकडाचे रेषे पाहा. ब्लेडला रेष्यांच्या मागे धावायची खोड असते. बरगडीची वरची कमान कापताना तिच्या सर्वांत उंच जागेपासून सुरुवात करून आधी एका टोकाकडे, मग पुन्हा उंचावरून दुसऱ्या टोकाकडे जा. असं केलं की ब्लेड घसरलं तरी टाकाऊ बाजूला घसरतं. उलटं, टोकाकडून वर चढत गेलात तर ते भागाच्या पोटात शिरतं. एका दमात आरपार कापू नका, हलक्या हातानं दोन-तीन वेळा फिरवा. ब्लेड उभं काटकोनात धरा आणि रेषेच्या अर्धा मिलिमीटर बाहेरून कापा. तो अर्धा मिलिमीटर पॉलिश पेपरचा. बोथट ब्लेड बाल्सा कापत नाही, चिरडतं. ते बदलताना चिकटपणा करू नका.

आपल्या किनाऱ्यावरची आणखी एक अडचण पावसाळ्याची. लाकूड दमट हवेत आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे शेपटीसारखे रुंद, पातळ भाग जूनमध्ये कापून ठेवले तर दिवाळीत वाकलेले सापडतात. फर्मे हिवाळ्यात करावेत. बाल्साचे ताव आडवे, सपाट, वर वजन ठेवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावेत, आणि कापायच्या आदल्या दिवशी आराखडा व लाकूड एकाच खोलीत काढून ठेवावं.

बाल्सा मुख्यतः इक्वेडोरहून येतो आणि महाग पडतो, म्हणून कुणी विचारतं की पांगारा चालेल का. सावंतवाडीच्या खेळण्यांना पांगारा वापरत आलेत, हलकाही असतो, पण बरगड्यांना जड होतो. ग्लायडरच्या नाकाच्या ठोकळ्याला मात्र उत्तम, तिथे वजन हवंच असतं.

लेसर कटिंगबद्दलही विचारतात. काम सुबक होतं, मी विरोधात नाही. पण लेसर स्वतः थोडं लाकूड जाळतो, त्याची सूट रेखाटनात धरावी लागते, आणि जळकी कड घासल्याशिवाय गोंद नीट धरत नाही. शिवाय आराखडा ताणलेला असेल तर लेसर ती चूक तंतोतंत कापून देतो.

त्या ग्लायडरचा डावा पंख पोरांनी फर्म्यावरून नव्यानं केला आणि ते सरळ उडालं. ते फर्मे माझ्याकडे आहेत. मालवण परिसरातल्या कुठल्याही शाळेला हवे असतील तर घेऊन जा. फक्त परत आणताना त्यांची कड ब्लेडनं खरवडलेली नसावी.