फटफटीचे ऑईल

फटफटीचे ऑईल बदलले. मिस्त्री म्हणाला, “भरलंय बरोबर.” तरी आपण स्वतः पाहावे.

गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावा. इंजिन ३ मिनिटे चालू ठेवा. नवे ऑईल आत सगळीकडे पोचते. मग इंजिन बंद करा. ३ मिनिटे थांबा. ऑईल खाली उतरते.

आता झाकण काढा. त्याला पट्टी असते. ती पुसा आणि परत आत घाला. पुष्कळ गाड्यांत झाकण नुसते टेकवायचे असते. आवळले तर पट्टी खोल जाते, ऑईल जास्त दिसते. आपल्या गाडीची रीत पुस्तिकेत वाचा.

पट्टीवर दोन खुणा असतात. ऑईल त्यांच्या मध्ये हवे. कमी पडले तर इंजिन घासते, जाम होते. जास्त झाले तर फेस येतो. कमी असेल तर थोडे थोडे ओता. जास्त असेल तर काढा.

खूण वाचा, मगच गाडी काढा.