‘संगीत शारदा’ शाळेच्या ओट्यावर : नेपथ्य आणि वेशभूषेचं नियोजन



स्नेहसंमेलन म्हटलं की आपल्याकडे रेकॉर्ड डान्स ठरलेला. भाड्याचे चमकीचे ड्रेस येतात, तीन मिनिटांचं गाणं होतं आणि ड्रेस परत जातात. मुलांच्या हाताला त्यातून काय लागतं, हा प्रश्नच आहे. म्हणून सहावी-सातवीच्या मुलांना घेऊन एक जुनं नाटक कसं उभं करता येईल ते मांडतो. नाटक आहे गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’. किर्लोस्कर नाटक मंडळीने ते 1899 मध्ये रंगभूमीवर आणलं. देवल 1916 साली गेले, त्यामुळे संहिता केव्हाच मुक्त झालेली आहे, काटछाट करायला कुणाची परवानगी लागत नाही.

गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. कांचनभट पैशाच्या लोभाने आपल्या मुलीचं, शारदेचं, लग्न पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाशी लावायला निघतो. भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थ. कोदंड नावाचा तरुण भर मांडवात ते लग्न मोडतो.

हेच नाटक का, ते बीड जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. दसरा-दिवाळीनंतर आपले अर्धे वर्ग ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल कोयत्यावर मिळते. मग सातवी-आठवीतल्या पोरीचं लग्न घाईने का उरकतात, हे गणित गावात सगळ्यांना येतं. फक्त त्यावर कुणी बोलत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या धोतर-पगडीत ते बोलता येतं, कारण कुणाकडे बोट जात नाही.

आता नेपथ्य. देवलांच्या काळी रंगवलेले पडदे असायचे. एक रस्त्याचा, एक रानाचा, एक वाड्याचा. प्रवेश बदलला की पडदा बदलायचा. आपल्याला ते परवडणार नाही आणि गरजही नाही. आपण दोनच जागा घेऊ : कांचनभटाचं घर आणि लग्नाचा मांडव.

घरासाठी मुलांना गावातला एखादा जुना माळवदी वाडा बघायला न्या. ढेळज, कोनाडे, कडीपाट, बळद. ही नावं आजी-आजोबांना माहीत आहेत, मुलांना नाहीत. टेप घेऊन मोजमाप करू द्या. कोनाडा जमिनीपासून किती उंच, दाराची चौकट किती बुटकी (वाकूनच आत जावं लागतं!). 1 सेंमी म्हणजे 1 फूट असं प्रमाण धरून वहीत आराखडा काढायचा, मग तो आराखडा शाळेच्या ओट्यावर खडूने आखायचा. भूमितीचे दोन तास यातच होतात. भिंत म्हणजे बांबूच्या चौकटीवर ताणून शिवलेलं बारदान, त्यावर पांढरी माती आणि खाली गेरूचा पट्टा. तुळशीवृंदावन 15 किलोच्या तेलाच्या डब्यावर कागद चिकटवून होतं. वाड्यात सापडली नाही अशी एकही वस्तू ओट्यावर ठेवायची नाही. प्लास्टिकची खुर्ची दिसली की नाटक संपलं.

मांडवासाठी त्याच चौकटी उलट्या करायच्या, वर आंब्याचे डहाळे. मधोमध अंतरपाट. माझ्या मते या नाटकातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच, आणि ती फुकट मिळते : एक जुनं धोतर. एका बाजूला म्हातारा, दुसऱ्या बाजूला पोरगी, मध्ये कापड. प्रेक्षकांना दोघं दिसतात, त्यांना एकमेकं दिसत नाहीत. म्हणून अंतरपाट प्रेक्षकांना आडवा धरू नका, ओट्याच्या खोलीच्या दिशेने धरा. तालमीत मुलं हमखास चुकतात ती इथेच.

वेशभूषेत मी सगळ्यात जास्त वेळ शारदेला देतो. बाजारातली शिवलेली नऊवारी तिला अजिबात नको. ती मापात बसते आणि मुलगी ‘छान नवरी’ दिसते. आपल्याला तेच नकोय. पहिल्या प्रवेशापासून ती परकर-पोलक्यात, दोन वेण्या. मांडवाच्या प्रवेशात त्याच परकर-पोलक्यावरून, सगळ्यांसमोर ओट्यावरच, तिला मोठ्या बाईचं पिवळं लुगडं नेसवायचं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. सहावीतल्या पोरीच्या अंगावर ते मावत नाही. निऱ्या सुटतात, पदर लोळतो, मुंडावळ्या डोळ्यांवर येतात. संवाद न बोलता सगळं कळतं. नेसवणाऱ्या मुलींनी हसायचं नाही, एवढं मात्र आधी बजावून ठेवा.

भुजंगनाथाच्या मिशा कापसाच्या, आणि त्यांवर अर्धवट काजळ. तरुण दिसण्याची त्याची धडपड त्यात दिसते. त्याला फेटा बांधू नका. फेटा दर वेळी नव्याने बांधतात, पगडी तयार, घट्ट बसवलेली असते. उलट्या पातेल्यावर कागदाचा लगदा थापून, वाळवून, लाल कापड चिकटवलं की पगडी झाली. वाळायला चार दिवस धरा. कांचनभटाला साधं धोतर-उपरणं, आणि कमरेला पैशाचा कसा. पहिल्या प्रवेशात रिकामा, मांडवात फुगलेला. आत चिंचोके भरा, वाजतात चांगले.

शेवटाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मूळ नाटकात लग्न मोडल्यावर शारदा नदीवर जीव द्यायला जाते, कोदंड वाचवतो आणि पुढे दोघांचं लग्न ठरतं. नदीचा प्रवेश या वयाच्या मुलांकडून करून घेऊ नये. आणि परकरी वयातल्या शारदेचं कोदंडाशी लग्न, हाही आजच्या कायद्याने बालविवाहच की! 1929 च्या कायद्यात मुलीचं वय 14 होतं, 1978 पासून ते 18 आहे. (त्या जुन्या कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात तो या नाटकावरून, असं अनेकांना वाटतं. ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून आलं.) म्हणून आपण मांडवातच थांबायचं. अंतरपाट खाली पडतो, शारदा लुगडं सोडून परकर-पोलक्यात उभी राहते. सूत्रधाराने मूळ शेवट वेगळा आहे, आम्ही तो बदललाय, हे प्रेक्षकांना सरळ सांगून टाकावं.

राहिला प्रश्न तारखेचा. जानेवारी-फेब्रुवारीत नाटक ठेवलं तर ज्या घरांनी ते बघायला हवं ती फडावर असतात, मुलंही निम्मी नसतात. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीआधी, शनिवारी दुपारी चार वाजता ठेवा. लाईटचा भरवसा नाही, उन्हातच करा. फक्त ओटा असा निवडा की सूर्य प्रेक्षकांच्या पाठीमागे राहील. लुगडं, धोतर, पातेलं मुलांच्या घरूनच मागवा, विकत आणू नका. आईचं लुगडं ओट्यावर आहे म्हटल्यावर आई येतेच बघायला, आणि बहुधा आजीही.